भिंतीवरचा जवान



परवा एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. बचतीचे पैसे मोजून झाले, वही भरून झाली, चहा यायचा होता. तेवढ्या वेळात सगळ्यांच्या नजरा भिंतीवर गेल्या. आपल्या समाजमंदिरांच्या भिंती तुम्हाला ठाऊकच आहेत. ओळीने तसबिरी: बुद्ध, बाबासाहेब, सावित्रीबाई, शिवाजी महाराज, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, सेवालाल महाराज. त्यांच्या शेजारी खिळ्याला खताच्या दुकानाचं कॅलेंडर. कॅलेंडरवर एक जवान. हातात बंदूक, मागे बर्फाचे डोंगर, वर तिरंगा, खाली कोपऱ्यात बैलजोडी आणि डोक्याला पटका बांधलेला शेतकरी.

एका आजीने विचारलं, "हा कोनाचा पोरगा होय वं?"

सगळ्या हसल्या. पण आजीचा प्रश्न माझ्या मनात राहिला. तो कोणाचाच पोरगा नाही. चित्रकाराने काढलेला आणि छापखान्यात हजारोंनी छापलेला आहे. मग देवांच्या आणि संतांच्या ओळीत तो आला कसा? कोणी आणला? रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून मी सांगते तसं डोळ्यापुढे आणत चला.

सुरुवात एका ओळखीच्या चित्रापासून करू. झाशीची राणी लक्ष्मीबाई. पांढरा किंवा तांबूस घोडा पुढचे पाय उचलून उभा, राणीच्या हातात उगारलेली तलवार, पाठीला पटक्याने बांधलेलं लहान मूल. आपण सगळ्यांनी हे शाळेच्या भिंतीवर पाहिलंय. आता पोराकडे बघा. चित्रात ते दीड-दोन वर्षांचं दिसतं. खरा दामोदरराव 1849 सालचा. राणी 1858 साली लढली, म्हणजे तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. तुमच्या घरातलं तिसरीतलं पोर पाठीला बांधून घोड्यावर बसायचं म्हटलं तर कसं होईल, विचार करा. चित्रकाराने पोराचं वय कमी केलं, कारण तान्हं मूल पाठीशी असलं की बाई आईही दिसते आणि लढवय्यीही. एका नजरेत दोन्ही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही ते कळतं. मी याला खोटं म्हणणार नाही, पण ही चित्राची भाषा आहे आणि ती ओळखता आली पाहिजे.

या चित्राची दुसरी बाजू आपल्या वाशिमशी जोडलेली आहे. ती बाजू चित्रात नाही.

1853 साली निजामाने आपला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. कारण काय, तर हैदराबाद कंटिंजंट नावाची एक फौज होती. नाव निजामाच्या राज्याचं, पण अंमलदार इंग्रज. तिचा खर्च निजामाने द्यायचा होता आणि तो थकला होता. म्हणून वऱ्हाडचा महसूल त्या फौजेच्या पगारासाठी लावून दिला. म्हणजे आपल्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसा-ज्वारीचा सारा थेट त्या शिपायांच्या खर्चाला जाऊ लागला. या फौजेची एक छावणी आपल्या शेजारी हिंगोलीला होती. आणि 1858 साली ह्यू रोज नावाच्या इंग्रज सेनापतीने झाशीला वेढा घातला, तेव्हा त्याच्या सैन्यात हैदराबाद कंटिंजंटचे शिपाई होते.

बघा म्हणजे. राणीचं चित्र आज आपल्या भिंतीवर आहे, आणि तिच्या किल्ल्याबाहेर उभ्या असलेल्या फौजेच्या पगारात आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी निंदलेल्या शेताचा सारा होता. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ठाऊकही नसेल. ती फौज 1903 साली इंग्रजांच्या मोठ्या सैन्यात मिसळून गेली.

म्हणून त्या काळात खऱ्या, जिवंत शिपायाची तसबीर कोणी घरात लावत नव्हतं. शिपाई म्हणजे सरकारचा पगारी माणूस, आणि सरकार परकं. त्याचा धाक होता, काहींना त्याच्या पगाराचा आधारही होता. पण त्याला हार घालावा असं कोणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

तसं म्हटलं तर, तेव्हा गरिबाच्या घरात कागदी चित्रच नव्हतं. देव्हाऱ्यात टाक असत, भिंतीवर गेरू-चुन्याने काढलेलं काहीतरी असे, नागपंचमीला नाग, दिवाळीला लक्ष्मीची पावलं. रंगीत चित्र श्रीमंताच्या वाड्यात. ते घरोघर आलं शिळाप्रेसमुळे, म्हणजे दगडावरच्या छपाईमुळे.

ही छपाई समजून घ्यायला सोपी आहे. स्वयंपाकघरात रोज दिसणारी गोष्ट आहे ती: तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत. एका खास जातीच्या गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. कोऱ्या जागी पाणी धरतं, तेलकट रेघांवर धरत नाही. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई रेघांनाच चिकटते, ओल्या जागेवर बसत नाही. त्यावर कागद दाबला की चित्र उमटलं. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड. तांबडा एक, पिवळा एक, निळा एक, चेहऱ्याच्या सावल्यांसाठी आणखी. एकच कागद सगळ्या दगडांवरून जायचा, आणि तो केसभर जरी सरकला तरी देवीचं कुंकू कपाळ सोडून भुवईवर जायचं.

1878 साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी चित्रशाळा नावाचा छापखाना काढला. याच मंडळींच्या वर्तुळातून पुढे 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल आणि 1881 साली 'केसरी' निघाला. म्हणजे शाळा, वर्तमानपत्र आणि चित्रं हे तिन्ही धागे एकाच हातात होते. चित्रशाळेने रामपंचायतन छापलं, तसे नाना फडणवीस छापले, शिवाजी महाराज छापले. पेशवाई बुडून साठ वर्षं झाली होती. सरकारविरुद्ध बोलणं अवघड होतं. पण जुन्या काळच्या राजाचं, मुत्सद्द्याचं चित्र विकायला कोणाची हरकत? बाजारात रामाची तसबीर घ्यायला गेलेला माणूस शेजारची शिवाजी महाराजांचीही उचलायचा. घरी आणून दोन्ही एकाच भिंतीवर लावायचा. देवाच्या शेजारी लढवय्या राजा बसला तो असा, बाजाराच्या पिशवीतून.

1894 साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला, यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून आणले. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांची लक्ष्मी, सरस्वती तर घराघरांत गेलीच. घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज आणि मागे मावळे, हेही चित्र होतं. छपाईवर तकाकी देत, म्हणजे ते खऱ्या तैलचित्रासारखं दिसे. त्या काळच्या बायकांनी या चित्रांचं काय केलं, ते मला फार आवडतं. चेहरा आणि हात तेवढे मोकळे ठेवून साडीच्या जागी खरं कापड लावायचं, जर शिवायची, टिकल्या आणि मोती चिकटवायचे, मग काचेत बसवायचं. अशा सजवलेल्या तसबिरी अजून काही जुन्या घरांत आहेत. छापखान्याने हजार जणींना एकच लक्ष्मी दिली आणि प्रत्येकीने तिला आपली करून घेतली.

1895-96 पासून लोकमान्य टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव सुरू केला. 1897 साली 'केसरी'तल्या लिखाणावरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. शब्दाला तुरुंग होता. चित्र बोलत नव्हतं, म्हणून ते पुढे सरकत राहिलं. सरकारच्याही हे लक्षात आलंच. 1910 सालच्या छापखान्याच्या कायद्यात कागदपत्र या शब्दात चित्र, रेखाटन आणि छायाचित्र यांचाही समावेश केला, आणि आक्षेपार्ह वाटलेली चित्रं जप्त होऊ लागली. ज्या कागदावर अक्षर नाही त्याचीही सरकारला भीती वाटू लागली, यावरून त्या कागदाचं बळ कळतं.

पण चित्र एकच असलं तरी बघणारे एकच नव्हते. टिळकांच्या उत्सवाआधी पंचवीसेक वर्षं, 1869 साली, जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला होता आणि महाराजांना कुळवाड्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांचा राजा म्हटलं होतं. कोणाच्या तसबिरीत महाराजांसोबत रामदास स्वामी दिसले, कोणाच्या तसबिरीत जिजाऊ आणि पुण्याच्या भूमीत फिरलेला सोन्याचा नांगर. राजा तोच. शेजारी कोण उभं केलंय त्यावरून छापणाऱ्याला काय सांगायचंय ते ओळखायचं. आजही नवीन कॅलेंडर आलं की मी आधी शेजारी कोण आहे ते बघते.

आणि महाराजांचा चेहरा? बरीच वर्षं पुस्तकांतून एक वेगळंच चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. ते इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ती चूक शोधून काढली आणि 1933 च्या सुमारास डचांच्या कागदपत्रांतलं महाराजांचं चित्र लोकांपुढे आणलं. म्हणजे कितीतरी जणांनी श्रद्धेने चुकीच्या चेहऱ्याला नमस्कार केला होता. त्यांच्या श्रद्धेत खोट नव्हती. छापलं गेलं म्हणजे खरं असेल, हा विश्वास मात्र चुकला. मोबाईलवर येणाऱ्या फोटोंच्या बाबतीत आपलं आज तेच होतं, पण तो वेगळा विषय आहे.

काही शिपायांचं चित्र कोणीच छापलं नाही, तेही सांगायला हवं. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. महार शिपाई पिढ्यान्पिढ्या फौजेत होते, आणि 1892 च्या सुमारास इंग्रजांनी त्यांची भरतीच बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पुन्हा घेतलं, युद्ध संपल्यावर पुन्हा काढलं. महार रेजिमेंट उभी राहिली 1941 साली. पुण्या-मुंबईच्या छापखान्यांना त्या शिपायात वीर दिसला नाही. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, आणि आज त्या स्तंभाचं चित्र कितीतरी घरांत आहे. ते त्या समाजाने स्वतः छापून घेतलेलं आहे. आणखी एक बघा. त्या भिंतीवरच्या ओळीत लढवय्ये आणि संत आहेत, आणि मध्ये सुभेदाराचा मुलगा निळा कोट घालून उभा आहे, हातात पुस्तक घेऊन.

मग जिवंत शिपाई भिंतीवर केव्हा आला?

पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने भरतीसाठी मोठी रंगीत पत्रकं छापली. एका उर्दू पत्रकात वर्दी, बंदूक आणि पैसे दाखवले होते आणि हे कोण घेणार असा सवाल होता. उत्तर, जो लगेच भरती होईल तो. दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं त्या युद्धात समुद्रापलीकडे गेली. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या. पण त्या पत्रकातला शिपाई परक्या सरकारचा होता. तो भिंतीवर चिकटवला गेला. चौकटीत बसवून घरात लागला नाही.

चित्र बदललं ते 1931 नंतर. भगतसिंग, सुखदेव आणि पुण्याजवळच्या खेडचे राजगुरू यांना 23 मार्च 1931 रोजी फाशी झाली. लगेच त्यांची चित्रं निघाली, सरकारने जप्त केली, तरी निघत राहिली. तिघांतही हॅट घातलेला भगतसिंगच जास्त दिसतो, कारण त्याचा एक नेटका, स्टुडिओत काढलेला फोटो होता. आपला राजगुरू चित्रांत मागे राहिला. चांगला फोटो असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे बघा! त्यानंतर आली आझाद हिंद सेना. खाकी गणवेशातले सुभाषबाबू, आणि 1943 साली उभी राहिलेली बायकांची राणी झाशी पलटण, कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांची. त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवर 1945 च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या लाल किल्ल्यात खटला उभा राहिला तेव्हा सारा देश त्यांच्या बाजूने उठला. वर्दीतला माणूस पहिल्यांदा आपला वाटला. तलवारीवाला मावळा आणि बंदूकवाला शिपाई यांच्यातलं अंतर तिथे मिटलं, आणि छापखान्यांनी दोघांना एका भिंतीवर आणलं.

स्वातंत्र्यानंतर मात्र जवानाचं चित्र सरकारी आणि दुकानी झालं. 1962 साली चीनशी लढाई झाली, त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. देशभर बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. 1965 साली पाकिस्तानशी युद्ध, आणि त्याच वर्षी देशात धान्याची टंचाई. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी 'जय जवान जय किसान' अशी घोषणा दिली. आपल्याकडे तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुलीचे, जे संकरित ज्वारी लावा म्हणून गावोगाव सांगत होते. त्या तीन-चार वर्षांत छापखान्यांना नवीन जोडी मिळाली: एका बाजूला बंदूकवाला, दुसऱ्या बाजूला नांगरवाला, मध्ये तिरंगा. शिवकाशीच्या छापखान्यांनी ती लाखोंनी छापली. बियाण्याचं दुकान, किराणा, सराफ, सहकारी सोसायटी, सगळे खाली आपलं नाव टाकून फुकट वाटू लागले. कॅलेंडर फुकट येतं, वर्षभर टिकतं, आणि एकादशी-चतुर्थी बघायला रोज त्याच्यापुढे उभं राहावं लागतं. देशाचं चित्र रोज बघायला लावणारी याहून सोपी युक्ती मला तरी ठाऊक नाही.

याच सुमारास एक खरा जवान तसबिरीत आला: हवालदार अब्दुल हमीद. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्याचे, शिंप्याच्या घरचे. शिवणकाम करणाऱ्या गटांनी हे लक्षात ठेवावं. 10 सप्टेंबर 1965 रोजी खेमकरणच्या भागात जीपवर बसवलेल्या तोफेने त्यांनी शत्रूचे रणगाडे उडवले आणि तिथेच ते पडले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. जीप, लांब नळीची तोफ आणि जळता रणगाडा, हे चित्र गावोगाव गेलं.

आता त्या जय जवान जय किसानच्या चित्राकडे परत या. किसान कोण आहे? पुरुष. पटका, धोतर, खांद्यावर नांगर. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचं निंदण कोण करतं? कापूस कोण वेचतं? सवंगणीला ओळीत वाकून कोण असतं? साठ वर्षं ते चित्र छापलं जातंय आणि विळा हातात घेतलेली बाई त्यात क्वचित दिसते. ती दिसते ती औक्षणाचं ताट घेऊन, दारात, निरोप देताना.

तशी बाई देशाच्या चित्रांत भरपूर आहे, पण देवी किंवा आई म्हणून. 1905 साली बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांनी भारतमाता काढली. भगव्या वस्त्रातली साधी बाई, चार हात. एका हातात भाताच्या लोंब्या, एकात कापड, एकात पोथी, एकात जपमाळ. अन्न, वस्त्र, विद्या, साधना. शस्त्र एकही नाही. पुढे कॅलेंडरांनी तिला सिंह दिला, झेंडा दिला, दागिने घातले, पाठीमागे नकाशा लावला, कुठे त्रिशूळही दिला. मला विचाराल तर पहिलीच जास्त आपल्यासारखी होती. तिच्या हातात रोजच्या कामाच्या वस्तू होत्या.

एका बाईने मात्र जवानाच्या छातीवरचं चित्र काढलं. परमवीर चक्राचा नमुना सावित्री खानोलकर यांनी तयार केला. त्या जन्माने युरोपातल्या, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या. विक्रम खानोलकर या मराठी सैन्याधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झाल्या, संस्कृत आणि पुराणं शिकल्या. त्यांनी पदकावर बंदूक काढली नाही, तलवार काढली नाही. मध्ये राजमुद्रा आणि भोवती चार वज्रं. वज्र कशाचं, तर दधीची ऋषींनी दिलेल्या हाडांचं. तीन-साडेतीन सेंटिमीटरचं काशाचं चक्र आणि जांभळी फीत. आणि पहिलं परमवीर चक्र ज्यांना मरणोत्तर मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा, सावित्रीबाईंच्या लेकीचे दीर. पदक घडवणाऱ्या बाईच्या नात्यातच ते पहिलं गेलं.

कॅलेंडरवरचा जवान नेहमी बंदूक रोखून उभा असतो. याच पदकाचे आणखी एक मानकरी कारवारकडचे रामा राघोबा राणे. 1948 च्या एप्रिलात राजौरीच्या रस्त्यावर त्यांनी काय केलं? वाटेत पुरलेले सुरुंग काढले, आडवी टाकलेली झाडं हटवली, गोळीबार चालू असताना, जखमी असताना, रणगाड्यांना पुढे जायला वाट करून दिली. म्हणजे रस्ता मोकळा करण्याचं काम. वाकून, सरपटत, मातीत हात घालून करायचं काम. या कामाचं सुंदर कॅलेंडर निघत नाही, कारण त्यात चेहरा खाली असतो.

मी हे सगळं सांगते ते जवानाचं चित्र काढून टाका म्हणून नाही. आपल्या कितीतरी घरांतली पोरं पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर भरतीसाठी पळतात. त्यांच्या मनात ते चित्र असतं आणि असू दे. पण 2022 पासून अग्निवीर म्हणून भरती होते ती चार वर्षांसाठी. त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम ठेवतात, बाकीचे ठरलेली रक्कम घेऊन परत येतात. हे कॅलेंडरवर लिहिलेलं नसतं. चार वर्षांनी काय करायचं, विम्याच्या कागदावर वारस म्हणून कोणाचं नाव घातलंय, याचं बोलणं पोरगा जाण्याआधी घरात व्हायला पाहिजे, आणि त्या बोलण्यात आई पाहिजे, लग्न झालं असेल तर सूनही पाहिजे. वीरपत्नीचा सत्कार होताना फोटो निघतो. तिच्या हातातल्या पेन्शनच्या फाईलचा फोटो कोणी काढत नाही.

रविवर्म्यांचा मळवलीचा छापखाना 1972 साली आगीत जळाला. दगडाची जागा यंत्रांनी घेतली, आता चित्रं मोबाईलवरच बनतात. पंधरा ऑगस्टला आपल्या गटाच्या ग्रुपवर किती जवान येतात ते मोजून बघा. त्यातल्या एखाद्याकडे जरा वेळ थांबून बघा: तो कुठे उभा आहे, शेजारी कोण आहे, खाली कोणाचं नाव छापलंय, आणि बाई कुठे आहे.

त्या दिवशी बैठकीत शेवटी चहा आला. एक जण इतका वेळ गप्प होती. तिचा मुलगा सैन्यात आहे. तिने मोबाईल काढून मला एक फोटो दाखवला. पोरगा लोखंडी ट्रंकेवर बसलाय, अंगात लोकरीची बनियन, मांडीवर परात, आणि तो बटाटे सोलतोय. गालावर थंडीने पडलेल्या भेगा. तिने विचारलं, "हा मोठा करून भितीले लावता येईन का?"

बाकीच्या म्हणाल्या, "वर्दीतला लाव ना वं, बंदुकीवाला. तो किती चांगला आहे."

ती म्हणाली, "तो आहे ना घरी. सगळे पाहून जातात. पण याच्यात तो माहा पोरगा दिसते."

ज्या आजीने सुरुवातीला प्रश्न विचारला होता, तिने मोबाईल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाली, "साल जाड काढून राह्यला पोट्टा."